आवाज चढवला तेव्हा

हर्षदाने कागद काचेवर उलटा ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. मशीनमधून आलेली प्रत उचलताना तिला नाव दिसलं. फागी सोम्या भोये, वय अंदाजे सत्तर. खाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात डाव्या हाताचं हाड मोडल्याचं आणि डोक्याला नऊ टाके घातल्याचं लिहिलं होतं. जव्हारच्या एसटी स्टँडासमोरच्या या दुकानात ती सहा वर्षं कामाला होती. दिवसाला शंभर नावं हाताखालून जायची, जातीचे दाखले, सातबारे, रेशनचे अर्ज, आणि त्यातलं एकही नाव घरी जाईपर्यंत लक्षात राहायचं नाही. हे नाव तिने दोनदा वाचलं. मग प्रत पालथी घातली, जणू पालथी घातली की तिने ते वाचलेलंच नव्हतं.

"तीन परती काढ बाय," काउंटरपलीकडची बाई म्हणाली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, खांद्याला कापडी पिशवी. हर्षदाने विचारायला नको होतं, पण तोंडून निघून गेलं, "कोण लागते ही तुमची?"

"माजी मावशी. मी बाळी, खोडाळ्याकडली. मावशीला पाड्यावर मारली ना. भुताळी म्हणून, पोर खाल्ली म्हणून." बाळी हे इतक्या वेळा सांगून आली असावी की आवाजात आता राग उरला नव्हता. "आथा पोलीस सांगतात, कोणी बघणारा आण. पाड्यावर कोणी बोलत नाय. दरडीवरून घसरली म्हणतात. शेजारच्या घरात प्रार्थनावाले बसलेले, अकरा माणसं. त्यांना पण काय ऐकू नाय आलं. गात होते म्हणं." तिने कागद पिशवीत सरकवले. "तू कुठली गो?"

"इथलीच," हर्षदा म्हणाली. "जव्हारची."

बाळी गेली. स्टँडात नाशिकची गाडी लागली, माणसं धावली, कुणीतरी आधार कार्ड घेऊन आलं, हर्षदाने तेही काचेवर ठेवलं. इथलीच. शब्द खोटा नव्हता, भाड्याची खोली इथेच होती. पण जन्माचं घर इथलं नव्हतं. सूर्यमाळकडच्या त्या पाड्यावर जिथे तिचा जन्म झाला, तिथे तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते फागीनेच. पाड्यावरची निम्मी माणसं फागीच्या हातांवर जगात आली होती. तुकासुद्धा. तुकाची मुलगीसुद्धा.

फागीला मारलं तो मे महिन्यातला रविवार होता, दुपारची वेळ. दर रविवारसारखी ती सकाळच्या जीपने घरी गेली होती. पाड्यावर शिरतानाच तिला कळलं होतं की काहीतरी बिघडलंय, कारण विहिरीवर बायका होत्या पण बोलत नव्हत्या. तुकाची चार वर्षांची मुलगी शुक्रवारी तापाने गेली होती. बुधवारी फागीने तिच्या पोटाला तेल चोळलं होतं. एवढंच. पण भगताने तांदूळ टाकून पाहिले आणि कुणाचं तरी नाव घेतलं, आणि ते नाव दोन दिवस घराघरांतून फिरत राहिलं. हर्षदाच्या आईने तिला हे चुलीपाशी सांगितलं, अगदी हळू, आणि शेवटी म्हणाली, "आपण प्रार्थना करू." आणि खरंच, त्या दिवशी मंडळीची प्रार्थना चालवणाऱ्या तिच्या बाबाने पहिली प्रार्थना तुकाच्या घरासाठी केली होती. फागीसाठी केली होती का? ते तिला कितीही आठवलं तरी आठवत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पाड्यातल्या काही जणांनी हर्षदाच्या घरच्यांच्या येशूच्या प्रार्थनेच्या मांडवाचे पत्रे उचकटून ओढ्यात टाकले होते. मग बैठक बसली. बाबाने हात जोडले. ठरलं ते असं की तुम्ही तुमच्या चार भिंतींत काय करायचं ते करा, गावाच्या भानगडीत तोंड घालू नका, मग गावही तुमच्यात घालणार नाही. विहीर सगळ्यांची राहील. चार भिंती म्हणजे बाबाचं घर, कारवीचा कुड, त्याला शेणमातीचा लेप. त्या कुडातून पलीकडे कुणी खोकलं तरी ऐकू येतं. फागीची झोपडी त्या कुडापासून तीस पावलांवर.

आधी माणसांचे पाय ऐकू आले. मग तुकाचा आवाज, मग भांडं आपटल्याचा आवाज, मग फागी. तिचं ओरडणं शब्दांचं नव्हतं. घरात अकरा जण मांडी घालून बसले होते, डोळे मिटून. हर्षदाचे डोळे उघडले. तिने पाहिलं की बाबानेही उघडले आहेत. तो पुढ्यात बसला होता. त्याने उजवा तळवा जमिनीवर टेकवला, एक गुडघा वर घेतला. तो उठत होता. एवढं तिने स्पष्ट पाहिलं, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात एकामागून एक आलं, विहीर, आई, धाकट्या भावाचं घर ज्याचं छप्पर अजून पूर्ण शाकारलं नव्हतं, ओढ्यात पडलेले पत्रे. आणि तिने खंजिरी उचलली. गाण्याची ती वेळ नव्हती. तिने गाणं धरलं, मोठ्याने, जितकं छातीत होतं तितकं. बाकीच्यांनी ते ताबडतोब उचललं, बुडणाऱ्याने फांदी धरावी तसं. बाबाचा गुडघा खाली आला. पुढचा अर्धा तास ते गात होते. कुणी थांबलं नाही, कारण थांबल्यावर काय ऐकू येईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

नंतर मंडळी म्हणाली, प्रभूने आपल्याला राखलं. बाबा सगळ्यांना सांगत राहिला, मीच बसवून ठेवलं सगळ्यांना, माझ्यावर आहे ते. तिला वाटलं, बाबाने ते स्वतःवर घेतलंय तर राहू दे. तेव्हापासून तीन आठवडे ती रोज सकाळी गुडघ्यावर बसत होती आणि प्रार्थनेला तोंड उघडलं की तोंडातून त्या गाण्याचीच चाल यायची. ती उठायची, चहा ठेवायची, परत बसायची. परत उठायची.

"हर्षदा, तो माणूस केव्हाचा उभा आहे," जमालभाई म्हणाले. दुकान त्यांचं. साठीचे, पांढरी दाढी, एके काळी टाइपरायटरवर अर्ज टाइप करून द्यायचे. तिने आधार कार्ड परत दिलं. दुसऱ्याचंच दिलं. तो माणूस हसला, जमालभाई हसले नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर त्यांनी स्टूल ओढलं. "घरी काही झालं का? त्या बाईचे कागद आले तेव्हापासून तू इथे नाहीस."

तिने सांगायचं ठरवलं नव्हतं. पण सांगितलं, सगळं, गुडघ्यासकट. सांगताना ती काउंटरच्या कडेवरचा सेलोटेपचा चिकटा नखाने खरवडत राहिली. जमालभाईंनी मशीनचं बटण बंद केलं. मग म्हणाले, "तुझ्या लोकांचं मला माहीत नाही. आमचे अब्बा सांगायचे, नमाज चालू असताना कुणी बुडत असेल, कुणी आंधळा विहिरीकडे चालला असेल, तर नमाज तोडायची. धावायचं. नमाज पुन्हा पढता येते." त्यांनी स्वतःच मान हलवली. "सांगायला सोपं आहे. मी त्या घरात असतो तर काय केलं असतं, अल्ला जाणे. लहान माणसं आहोत आपण. पण तू जा, दुकान मी बघतो."

सरकारी दवाखाना चालत दहा मिनिटांवर. तिने खोलीवर जाऊन पेज केली, डब्यात भरली, आणि डबा घेऊन दवाखान्याच्या फाटकासमोरून दोनदा पुढे निघून गेली. तिसऱ्यांदा आत शिरली. बायकांच्या वॉर्डात फागी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचे केस विळ्याने कापले होते. कुठे बोटभर, कुठे मुळापासून. इतकी लहान दिसत होती की हर्षदा आधी पुढच्या खाटेकडे गेली. बाळी उशाशी बसली होती. तिने हर्षदाकडे पाहिलं आणि ओळखलं. "तू तर झेरॉक्सवाली."

"मी बारक्याची पोर," हर्षदा म्हणाली. "पाड्यावरची. तुम्हाला खोटं सांगितलं मी."

बाळीने पिशवी मांडीवर ओढून घेतली. फागीने मान वळवली. डोळ्यांखालचं काळंनिळं अजून पुरतं ओसरलं नव्हतं. "हर्षी," ती म्हणाली. मग बराच वेळ श्वास घेतला. "गाणं ऐकू येत होतं माला. तुजा आवाज ओळखला. म्हटलं, बरं झालं, ही आलीय आज. म्हटलं, आथा गाणं संपंल आन कोणीतरी येईल." ती ओठ ओले करायला थांबली. "गाणं लांबलं लई."

त्यात दोष दिल्याचा सूर असता तर हर्षदाला रडता आलं असतं. फागीने ते पाऊस लांबला म्हणावं तसं म्हटलं होतं. हर्षदाने चमच्याने पेज भरवली. अर्धी सांडली. मग मगमध्ये कोमट पाणी आणून तिने फागीचं डोकं पुसलं, टाक्यांच्या वणांच्या कडेकडेने, कानामागे औषधाचा वाळलेला थर होता तो काढला. हात काम करत होते म्हणून बरं होतं. तिच्या मनात प्रार्थनेसारखं काहीच नव्हतं, फक्त कानामागची ती जागा, फडकं, पाणी, पुन्हा ती जागा. आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा डोक्यात ती चाल वाजत नव्हती. ते तिच्या लक्षात आलं तशी ती वाजू लागली.

दुसऱ्या दिवशी ती पाड्यावर गेली. जीप रिकामी होती. घाट चढताना तिने मनात वाक्यं जुळवली, मोडली, परत जुळवली. बाबा विहिरीच्या कठड्याशी हंड्यांच्या रांगेत बसला होता. तळाशी पाणी झिरपून एक हंडा भरायला त्या दिवसांत पाऊण तास लागायचा. तिला आडवारी आलेली पाहून तो उठला, हंडा तिथेच ठेवून तिच्याबरोबर जांभळीच्या सावलीपर्यंत आला.

"मी पोलिसांत जाणाराय," ती म्हणाली. "जे ऐकलं ते सांगणाराय. कोणाकोणाचे आवाज होते ते."

बाबाने रांगेकडे पाहिलं. "आईचं काय? लहान्याचं काय?"

"माहीत नाय."

"तुकाची पोर गेली हर्षू. पोर गेलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं."

"फागीचा हात मोडलाय बाबा. केस कापले तिचे." मग जी वाक्यं जुळवली होती त्यातलं एकही न येता तिच्या तोंडून भलतंच आलं. "तू उठत होतास. मी बघितलं. तुला बसवावं म्हणून मी गाणं धरलं. आन तू सगळ्यांना सांगतोस, मी बसवून ठेवलं."

बाबाने जांभळीच्या खोडाला पाठ टेकली. त्याचा चेहरा तिला फार म्हातारा वाटला. "तुज्या गाण्यानं माजे पाय बांधले नव्हते," तो म्हणाला. "उठायचं असतं तर उठलो असतो. तू गाणं धरलंस तर माला बरं वाटलं. बसायला कारण मिळालं." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "तीन रविवार झाले, डोळे मिटत नाय माजे. मिटले की तिथेच जातो. लोक समजतात बारक्या लई लांब प्रार्थना करतो. मी नुसता बसलेला असतो." रांगेतून कुणीतरी हाक मारली की त्याचा नंबर आला. तो गेला, हंडा भरला, डोक्यावर घेऊन आला. चालता चालता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "सकाळची पहिली जीप किती वाजता असते?"

हवालदाराने दोघांचे जबाब वेगवेगळे घेतले. आवाज कोणाकोणाचे ओळखले, किती वेळ चाललं, फागीने कोणाचं नाव घेऊन हाक मारली. मग लिहिता लिहिता तो थांबला. "तुम्ही तेव्हा काय करत होता?"

"गात होतो. ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून मी आवाज चढवला."

"ते नसलं तरी चालेल," तो म्हणाला, कडवटपणे नव्हे. "त्याचा केसला उपयोग नाही."

"लिहा," हर्षदा म्हणाली. "ते पण घडलंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. सही करताना तिने ते वाक्य वाचलं. सरकारी भाषेत ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटत होतं. बाहेर बाकावर जमालभाई बसले होते, हातात दोन चहाचे कप, दोन्ही गार झालेले. बाबाला त्यांनी सलाम केला. दोघांना एकमेकांशी काय बोलावं ते कळेना, म्हणून दोघांनी गार चहा प्यायला.

चार जणांना धरलं. तुका पहिला. तिला वाटलं होतं की जबाब दिल्यावर काहीतरी सुटेल, आतलं काहीतरी जागेवर बसेल. तसं झालं नाही. पाड्यात बाबाच्या घरासाठी विहीर बंद झाली. कुणी अडवलं नाही, फक्त आईचा हंडा रांगेत आला की पुढचा मागचा म्हणत रांग सरकायची आणि तिचा नंबर यायचाच नाही. मग बाबा आणि भाऊ खालच्या ओढ्यातल्या खड्ड्यातून पाणी आणू लागले, जाऊन येऊन दोन तास. अकरातल्या चौघांनी प्रार्थनेला यायचं थांबवलं. त्यातली एक बाई हर्षदाला स्टँडावर भेटली आणि म्हणाली, तुमच्यामुळे आमचं पाणी तुटेल, आणि लगेच हात धरून म्हणाली, बाय, राग मानू नको. हर्षदाला राग आला नव्हता. तो हात तिला स्वतःचाच वाटला होता.

फागी हर्षदाच्या खोलीवर राहायला आली. बाळीच्या घरी जागा नव्हती आणि पाड्यावर कोण ठेवणार. दिवसभर ती दारात बसून रस्ता बघायची, मोडक्या हाताची बोटं दुसऱ्या हाताने उघडमीट करायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "आथा माला तुमच्या पाण्यात बुडवणार का गो? येशूची करणार?"

"नाय आजी."

"मग कशाला ठेवलीस?"

हर्षदा भाकरी थापत होती. ती म्हणाली, "खोलीत एकटीला करमत नाय." फागी हसली, पहिल्यांदा. सकाळी हर्षदा गुडघ्यावर बसली की फागी डोळे उघडे ठेवून तिच्याकडे बघत राहायची, आणि त्या नजरेखाली हर्षदाला लांबलचक काही म्हणता यायचं नाही. ती दोनच वाक्यं म्हणायची. ती तरी तिची होती.

जुलैत एका रविवारी, प्रार्थना झाल्यावर, बाबा म्हणाला की तुकाच्या बायकोची भाताची आवणी राहिलीय. रोपं पिवळी पडायला लागलीत. गावातले कुणी जात नाहीत, प्रत्येकाची आपली कामं, आणि ज्या चौघांना धरलं त्यांच्या घरात सगळ्यांची आवणी अशीच अडलीय. भाऊ म्हणाला, "आपणच आत टाकले, आपणच शेत लावायचं?" बाबा म्हणाला, "तो आत गेला ते बरोबर झालं. शेत पडीक राहील ते बरोबर नाय. दोन्ही खरंच आहे. माला तरी याच्यापुढं काय सांगता येत नाय." आणि तो उठला. या वेळी कुणी गाणं धरलं नाही.

निघायच्या आधी हर्षदाने जमालभाईंच्या फोनवर फोन करून फागीला बोलवायला सांगितलं होतं. तिला विचारल्याशिवाय जावंसं वाटत नव्हतं. फागीने ऐकून घेतलं. "जा," ती म्हणाली. "पोरी उपाशी राहतील त्याच्या. दोन आहेत ना अजून, दोनी माज्याच हातावर झाल्या." मग फोनवर नुसता वाहनांचा आवाज. "पण फागीनं माफ केलं असं तिला सांगू नको. मी नाय केलं."

"नाय सांगणार."

सात जण होते. पाऊस बारीक लागून होता. तुकाची बायको वर्षा बांधावर आली तेव्हा त्यांनी वाढवलेल्या रोपांच्या दाढीतून मुठी काढायला घेतल्या होत्या. पंचवीस-सव्वीसची असेल, गळ्यात मुलीचा काळा दोरा होता, तिने तो स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला होता. "निघा," ती ओरडली. "माज्या शेतात पाय टाकू नका. माजं घर मोडलंत. आथा कशाला आलात, बघायला?" बाबाने फक्त हात जोडले आणि पुन्हा वाकला. ती शिव्या देत राहिली, आईबापावरून, त्यांच्या देवावरून. हर्षदाच्या कानाला प्रत्येक शब्द लागत होता आणि ती मोजून श्वास घेत चिखलात रोपं खोचत होती. एकदा तिच्या मनात आलं की आता आपण सगळ्यांनी मिळून काहीतरी म्हणावं, हळूच, म्हणजे हे ऐकू येणार नाही. तिने ओठ आवळले. ऐकलं. वर्षा म्हणत होती की पोरीला दवाखान्यात न्यायला जीप मिळाली नव्हती. म्हणत होती की पोर शेवटी पाणी मागत होती. हे कुणी तिला आजवर विचारलं नव्हतं, आणि ते ती शिव्यांच्या मधे मधे, त्याच आवाजात सांगत होती.

हर्षदा सरळ उभी राहिली. "नाव काय होतं तिचं?" तिने विचारलं. पाड्यावर सगळे तिला बारकी म्हणायचे. नाव तिला खरंच माहीत नव्हतं.

वर्षा थांबली. पावसाचं पाणी तिच्या हनुवटीवरून गळत होतं. "अरुणा," ती म्हणाली. "शाळेत घालायची होती तर ठेवलं होतं."

आणि ती गेली. बांधावरून घराकडे गेली आणि कितीतरी वेळ आली नाही. दोन वाफे लावून झाले. मग हर्षदाला बाजूला चिखलात पाय पडल्याचा आवाज आला. वर्षा शेताच्या पलीकडच्या कोपऱ्यात उतरली होती, लुगडं गुडघ्यावर खोचून, त्यांच्याकडे पाठ करून. तिने एक मूठ सोडवली आणि लावायला सुरुवात केली, भराभर, जन्मभर केलेल्या हाताने. तासाभरात ती मागे सरकत सरकत त्यांच्या जवळ आली. मान वळवून तिने हर्षदाने लावलेल्या ओळीकडे पाहिलं.

"लई खोल खोचतेस," ती म्हणाली. "सडंल ते. शहरात राहून इसरलीस."

हर्षदाने वाकून ती ओळ उपटली आणि पहिल्यापासून लावायला घेतली.